पायावर पाजलेली पोरं

अक्का, माझा पुढचा दात अजून तसाच अर्धा आहे. अमळनेरच्या डॉक्टरने दोनदा सांगितलं, बाई, टोपी बसवून देतो, कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, राहू द्या. जीभ दिवसातून दहादा तिथे जाते आणि दर वेळी तू आठवतेस. देवाचं नावसुद्धा माझ्याकडून इतक्या वेळा घेतलं जात नाही. आठ वर्षांची होते मी, दात नुकताच नवा आलेला. समोर पितळी, आपलं ते पितळेचं खोल ताट, त्यात गिलक्याची भाजी, हिरवी, बुळबुळीत, आणि मी तोंड मिटून बसलेली. शेजारी पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट फिरत होता. आपल्या घरात कुणाला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागायचं, त्यामुळे तू चिडलीस की नुसती बोलतेस हे बाहेरच्याला कधी कळलं नाही. मला कळायचं, कारण खरी चिडलीस की तू गप्प व्हायचीस. त्या दिवशी तू गप्प झालीस, उठलीस, माझी वेणी मुठीत धरलीस आणि माझं तोंड त्या पितळीत दाबलंस. काठ दाताला लागला. मी ओकले. गिलकं, रक्त, दाताचा तुकडा, सगळं त्याच पितळीत. आणि तू म्हणालीस, "बठ्ठं खाई ले." सगळं खाऊन टाक. मी खाल्लं, अक्का. रडत, ओकाऱ्या देत, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. दाताचा तुकडा तेवढा तू बोटाने उचलून बाजूला ठेवलास आणि संध्याकाळी घराच्या पत्र्यावर फेकलास, नवा दात चांगला येतो म्हणून.

तू म्हणशील, पन्नाशी ओलांडली तरी ही पोरगी एका भाजीवरून रडतेय. माझ्या एकटीचं असतं तर विसरलेही असते. पण तू माझी आई असलीस तरी आख्ख्या गल्लीची अक्का. ज्या बाईचं पोर खात नाही तिने ते सकाळी आठ वाजता काखोटीला मारून आपल्या ओट्यावर आणायचं, अशी रीतच पडली होती. तू भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायचीस. पोराला दोन्ही पायांच्या खोबणीत उताणं घालायचीस. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट पोराच्या नाकावर, उजव्या हातात बोंडलं, ती चोचीची पितळी वाटी. पोराने श्वासासाठी तोंड उघडलं की चोच आत. भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, दुधात कुस्करलेलं केळं, जे असेल ते. पोर किंचाळायचं, घटाघटा गिळायचं, परत किंचाळायचं आणि पाय झाडायचं. त्या पायांसाठी मी होते. "पाय धर," म्हणायचीस, माझ्याकडे न बघता. दहा वर्षांची असल्यापासून मी या गावातल्या निम्म्या पोरांचे पाय धरलेत. आता त्यांना मिशा फुटल्यात, ट्रॅक्टर चालवतात, रस्त्यात भेटले की 'ताई, बरंय ना' म्हणतात, आणि मला त्यांचे घोटे आठवतात. कोवळा घोटा मुठीत धरला की त्याची आतली नस उडताना लागते. पोर थकलं की पाय ढिले पडायचे. मग तू म्हणायचीस, झालं, शहाणं झालं, आणि त्याची आई हसत त्याला उचलून न्यायची.

अक्काच्या हाताला यश आहे, असं बाया म्हणायच्या. तुलाही ते खरं वाटायचं. कुणी नवी सून कळवळून म्हणालीच की अक्का, लाल झालंय वं नाक त्याचं, की तू ठसक्यात सांगायचीस, "भुक्या मरेल पोरं मी देखेल शेत. खाईसन मरेल एक बी नही देखं." उपाशी मेलेली पोरं मी पाहिलीत, खाऊन मेलेलं एकही नाही. तुझ्या पाठची दोन भावंडं एकाच उन्हाळ्यात गेली, हे मला मावशीने सांगितलं. तू स्वतः कधी तोंडातून काढलं नाहीस. तेव्हा तुझं भय कुठून आलं हे मला कळत नाही असं नाही. पण भय तुझं होतं आणि दात माझा गेला, हेही खरं ना? मी रात्रंदिवस तुझे हात मोडावेत म्हणून नवस बोलायचे. तू माझ्या ताटात वाढायला वाकलीस की माझी मान आपोआप खांद्यात जायची. भाकरीचा पहिला घास मोडताना आजही मी आधी दाराकडे बघते. नवऱ्याने एकदा विचारलं, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, कुणाची नाही, तुम्ही जेवा.

लग्न झालं ते गावातच, दोन गल्ल्या सोडून. गल्ली बदलली, गिरणीचा आवाज तेवढा लांब गेला. मग अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. प्रशिक्षणाला धुळ्याला गेले तर तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं की भूक बाळाची असते, आईची नसते. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करा, एका वेळी एकच नवी चव द्या, आज नको म्हणालं तर चार दिवसांनी परत द्या, बाळाने मान फिरवली की थांबा. मान फिरवली की थांबा! मी वहीत ते दोनदा लिहून घेतलं आणि शेवटच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. बाकीच्या बायांना वाटलं, हिला घरची आठवण आली. परत आल्यावर पहिलं काय केलं तर तुझ्या ओट्यावर येऊन, चार बायांदेखत तुला वही वाचून दाखवली. मुद्दाम. सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा करायचा होता मला. तू शांतपणे शेंगा सोलत होतीस. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे आम्हाला शाळेत न जाता कळलं, असं म्हणालीस आणि बाया फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. तरी माझ्या बाळंतपणात बाराव्या दिवशी तू तुझं ते बोंडलं चिंचेने लख्ख घासून, नव्या फडक्यात गुंडाळून माझ्या उशाशी आणून ठेवलंस. तुझ्याकडे दुसरी किमती वस्तू नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी ते ट्रंकेत तळाशी टाकलं आणि वर कुलूप लावलं.

आता तो दिवस. तुला माहीत आहे, तरी मला तो एकदा माझ्या हाताने लिहायचा आहे. माझा मुलगा अकरा महिन्यांचा. त्याला जुलाब झाले आणि अंग उतरलं. अंगणवाडीत आढ्याला काटा टांगलेला, त्याला झोळी, त्या झोळीत मी गावच्या पोरांबरोबर माझं पोर घातलं आणि माझ्याच पेनाने तक्त्यावर त्याचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्या खाली मारला. तेवढं पुरलं. बोअरवर पाणी भरताना कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, "बाईनंच पोर वाळेल शे, अन आम्हाले शिकाडस." बाईचंच पोर वाळलेलं आणि आम्हाला शिकवते. महिनाभर मी त्याच्या मागे वाटी घेऊन फिरले. पुढच्या वजनाला सुपरवायझर मॅडम स्वतः येणार होत्या. वजनाच्या दिवशी गावातल्या बाया पोरांना ठासून भरवून, पाणी पाजून आणायच्या, काटा थोडा तरी खाली जावा म्हणून. मी त्यांना हसायचे. अगं, पोटात घातलेलं पाणी म्हणजे वजन नव्हे, असं शिकवायचे. आणि त्या सकाळी नऊ वाजता मी मुलाला घेऊन, ट्रंकेतलं बोंडलं पदराखाली घेऊन, तुझ्या घरी आले.

चार चमचे त्याने आपणहून खाल्ले. मग मान फिरवली. परत चमचा नेला, परत फिरवली. तू म्हणालीस, राहू दे, दुपारी देऊ. मी म्हटलं, दुपारी काय उपयोग, दहाला वजन आहे. आणि अक्का, मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. पाय पसरले. त्याला खोबणीत उताणा घातला आणि तुझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय धर." तू धरलेस. का धरलेस? तू नाही म्हणाली असतीस तर? आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीस, त्याच दिवशी माझं का ऐकलंस, याचा मला अजून संताप येतो. मी त्याचं नाक दाबलं. तोंड उघडलं, पेज ओतली. परत दाबलं, परत ओतली. तो निळा-लाल झाला, रडण्याचा नुसता घरघर आवाज, आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. वाटी रिकामी होताना दिसत होती. महिनाभराचा अपमान मी त्याच्या तोंडात ओतत होते. गिरणी चालू होती, सकाळचं दळण, पट्ट्याचा कानठळ्या बसणारा आवाज. तुझे ओठ हललेले दिसले. तू "सोड वं, पोट भरनं त्यानं", सोड गं, पोट भरलं त्याचं, असं म्हणत होतीस हे माझ्या नंतर ध्यानात आलं. गल्लीभर पोरांना मारून मुटकून पाजणारी तू, तुझी नजर पोराच्या गळ्यावर असायची आणि मनगट पोटावर. कुठे थांबायचं ते तुला कळायचं. माझी नजर वाटीच्या तळाशी होती.

तो एकदा खोकला आणि मग खोकलाच नाही. छाती वर आली ती वरच राहिली. ओठ जांभळे. मी त्याच्याकडे बघत बसले, हातात बोंडलं तसंच. तू त्याला माझ्या पायांवरून ओढलंस, पालथा केलास, पाठीत असे गुद्दे मारलेस की दुसरा कुणी असता तर मी त्याचा जीव घेतला असता. घशात बोट घातलंस. मग त्याच्या नाकाला तोंड लावून ओढलंस आणि भिंतीवर थुंकलीस, परत ओढलंस, परत थुंकलीस. पेज, शेंबूड, रक्त. तिसऱ्यांदा तो रडला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. काळीपिवळी जीप पकडून आपण धुळ्याला गेलो, वाटभर तू त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रत्येक श्वास मोजत होतीस. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला नळी लावली आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत ओरडले, की फुप्फुसात पेज गेलीय, कुठल्या गाढवाने हे असं पाजलं? नवरा शेजारी उभा, सासू उभी. मी अंगणवाडीची बाई, माझ्या पर्सला ते ओळखपत्र अडकवलेलं. मी हात उचलला आणि तुझ्याकडे बोट केलं. "आईने," म्हणाले.

तू बाकावरून उठलीस. माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता माझी वेणी धरून माझं तोंड फरशीवर आपटणार, आणि देवाशपथ सांगते, आपटलं असतंस तर बरं झालं असतं. तू डॉक्टरांना म्हणालीस, "हा, मीच पाजेल शे." हो, मीच पाजलं. सासूने तुला तिथे बाकाशी उभी करून जे जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. नवऱ्याने तुझ्या अंगावर हात तेवढा टाकला नाही. तू पदर तोंडाला लावून ऐकत राहिलीस. अकरा दिवस तो तिथे होता आणि तू अकराही दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होतीस, कारण तुला आत यायला मनाई होती. ही मनाई सासूने केली होती, आणि मी ती मोडली नाही.

त्यानंतर तुझ्या ओट्यावर कुणी पोर आणलं नाही. सगळ्या गावाला कळलं होतं, अक्काने स्वतःच्या नातवाला मारलाच होता जवळजवळ. काही बायांनी रस्ता बदलला. तू ओट्यावर बसायचीस, पाय पोटाशी घेऊन. पसरलेले मी परत कधी पाहिले नाहीत. मुलगा मोठा झाला तो हेच ऐकत. हिवाळ्यात त्याला खोकला झाला की घरात म्हणायचे, आजीची कृपा. तू चार केळी घेऊन यायचीस आणि तो पलंगाखाली जाऊन बसायचा. तुझ्या हातचा पाण्याचा घोटही त्याने घेतला नाही. केळी टोपलीत ठेवून तू निघून जायचीस. आणि मी काय केलं, ऐकतेस? मी त्या गोष्टीवर नाव कमावलं. मातांच्या प्रत्येक सभेत ते बोंडलं वर धरून दाखवलं. माझ्या आईने या वाटीने माझ्या पोराला पाजलं आणि पोर हातचं जात होतं, बायांनो, नाक दाबू नका, बळजबरी करू नका. बाया डोळे पुसायच्या. गोष्ट कामाला आली, हे मात्र खरं. या गावात आता कुणी पायावर पाजत नाही. पोरं खाली बसतात, खिचडीत हात घालतात, निम्मी अंगाला फासतात, बीट खाऊन जीभ लाल झाली की एकमेकांना दाखवतात. कुणी थाळी सरकवली तर मी म्हणते, बरं बेटा, उद्या बघू. उद्या नाही तर परवा ते पोर आपणहून शेजारच्याच्या थाळीतलं उचलून खातं. मी खोटं शिकवलेलं नाही, अक्का. फक्त त्या खऱ्याच्या पायथ्याशी तुला पुरलं.

तुझ्या शेवटच्या दिवसांतलंही सांगते, त्याला एकोणीस वर्षं झाली. तुला झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. मी पेज करून आणायचे. तू ओठ मिटायचीस. मला एवढंच दिसायचं की ही मला शिक्षा देते आहे. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या दातांत चमचा घुसवला, हिरडी फाटली, पेजेत रक्त मिसळलं. तू डाव्या हाताने माझं मनगट धरलंस. मोडून काढशील इतकं बळ होतं त्यात अजून. धरलंस, आणि मग सोडलंस. मी वाटी भिंतीवर फेकून मारली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. तू नवव्या दिवशी गेलीस. लोक म्हणाले, लेकीने किती केलं.

हे सगळं आत्ताच का काढलं, तर त्याला कारण आहे. तुझ्या नातवाला मुलगी झाली. तुझी पणती अकरा महिन्यांची आहे, कपाळ हुबेहूब तुझं, आणि तोंड मिटलं की देव आला तरी उघडत नाही. तो आणि सून दोघं सकाळच्या गाडीने धुळ्याला कामाला जातात. पोरगी दिवसभर माझ्याकडे. सून धुळ्याच्या पाळणाघरात ठेवू म्हणत होती, त्यानेच तिला समजावलं की आईपेक्षा चांगलं कोण भरवणार, सगळ्या गावाला तिने शिकवलंय. सुनेने एकच अट घातली, आई, बळजबरी नको. मी म्हटलं, अगं, मला सांगतेस? तर मागच्या मंगळवारी सकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वजन. आता ठिपका मोबाईलमध्ये पडतो, पण कमी वजनाचा पिवळा रंग तोच दिसतो, आणि पोरगी दोन महिने एकाच जागी अडकलेली. नवीन सुपरवायझर माझ्या मुलाहून लहान आहे, मागच्या वेळी हसून म्हणाली, ताई, तुमची नातच पिवळ्यात? मी नाचणीची खीर केली होती. तिने तीन घास खाल्ले आणि चौथ्याला वाटीला असा फटका मारला की खीर माझ्या डोळ्यात गेली. पुढचं मी केलं असं मला म्हणता येत नाही, हातांनीच केलं. पाठ भिंतीला लागली, पाय पसरले गेले, पोरगी खोबणीत आली, अंगठा आणि बोट नाकावर. मी दाबलं, अक्का. तिने तोंड उघडलं, आणि श्वास घ्यायचा सोडून ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा तुझा आवाज आला, सोड वं. मी सोडलं. खीर ओतली नाही. पण नाकाच्या बाजूला माझ्या नखाची लाल चंद्रकोर उठली होती.

संध्याकाळी मुलाने विचारलं, हे काय लागलं हिला? मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, तिचंच नख, किती वाढलीत बघ, काप जरा. त्याने लगेच नेलकटर आणलं आणि तिला मांडीवर घेऊन, गाणं म्हणत, एकेक बोट धरून तिची नखं कापली. तिला बोलता येत नाही. तुला येत होतं, तरी तू बोलली नव्हतीस. त्या दिवसापासून मी चमचा जवळ नेला की ती तोंड नाही मिटत, डोळे मिटते. आईच्या हातून खाते, बापाच्या हातून खाते, माझा हात आला की डोळे घट्ट मिटून, श्वास धरून बसते. काल सून म्हणालीच, आई, तुमच्याकडेच ही असं का करते? मी काही बोलायच्या आत मुलगा हसला. म्हणाला, "अगं, ती माझी आई आहे. आजीसारखं थोडीच करणार?" आणि मला पोळी वाढायला सांगितली. मी वाढली. त्याने घास बारीक चावला, चाळीसदा तरी चावतो तो, घशाची भीती त्याची अजून गेलेली नाही. आणि माझी जीभ त्या अर्ध्या दाताशी जाऊन बसली ती हललीच नाही.

आता दुपारचे साडेतीन झालेत. अंगणवाडी सुटली, पोरगी झोळीत झोपली आहे, वजनाच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं फाडून मी हे लिहिते आहे. सव्वासहाच्या गाडीने दोघं येतील. आधी मंगळवारचं सांगणार आहे आणि मग सत्तावीस वर्षांपूर्वीचं, सुनेच्या समोर. त्यानंतर ते पोरगीला पाळणाघरात ठेवतील आणि बरोबरच करतील. मुलगा काय करेल मला माहीत नाही. तो चिडला की गप्प होतो, तुझ्यासारखा. हे कागद त्याला द्यावेत असं आधी वाटलं होतं, पण नको, कागदाआड लपायची मला सवय लागायची. तोंडानेच सांगेन. तुलाही हे पोचायचं नाहीच, पोरगी उठायच्या आत बंबात घालीन, अंघोळीचं पाणी तरी तापेल. तुला माफ केलं का, तर नाही. पितळीचं केलेलं नाही, त्या पोरांच्या घोट्यांचंही नाही. पण जे तू केलं नाहीस ते तुझ्या नावावर आता राहू देणार नाही.

बंबात घालायच्या आधी एक दुरुस्त करते. वर मी लिहिलंय, गिरणी चालू होती. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले, आत्ता लिहितानाही हाताने तेच लिहिलं. त्या दिवशी सकाळपासून लाइट गेलेली होती, अक्का. गिरणी बंद होती. तू 'सोड' दोनदा म्हणालीस आणि दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.